पूल तपासला, म्हणजे नेमकं काय तपासलं?

दरवर्षी मे महिन्यात, आणि मग पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा, एक ठरलेली बातमी येते. अमुक नदीवरच्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं, पूल वाहतुकीस सुरक्षित आहे. सोबत एक फोटो. पिवळी हेल्मेटं घातलेले चार जण कठड्यापाशी उभे राहून खाली पाण्याकडे बघतायत. आपण फोटो बघतो, ग्रुपवर पुढे ढकलतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुलावरून कामाला किंवा कॉलेजला जातो.

मी मात्र त्या फोटोपाशी अडकतो, कारण हे माझ्या पोटापाण्याचं काम आहे. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी सॉफ्टवेअरमध्ये शिरलो आणि गेली काही वर्षं पुण्यात बसून एकाच प्रकारचा डेटा बघतो आहे. पुलाच्या काँक्रीटवरून रडारची गाडी फिरवली की जी माहिती मिळते, ती वाचणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. पूल बहुतेक अमेरिकेतले. त्यातल्या एकाही पुलावर मी उभा राहिलेलो नाही, पण त्यांच्या पोटातल्या सळया मी एकेक करून मोजल्या आहेत. म्हणून आज या जागी राजकारण, आरक्षण, शिष्यवृत्ती यांपैकी काही नाही. ‘पूल तपासला’ या दोन शब्दांच्या आत काय असायला हवं, एवढंच.

सुरुवात मामूंपासून करतो. मामू सेंटरिंगचे ठेकेदार. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत त्यांनी मला साइटवर नेलं आणि पहिले तीन दिवस फक्त कव्हर ब्लॉक बनवायला बसवलं. सिमेंट-वाळूचा माल ट्रेमध्ये पसरायचा, ओला असतानाच चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येकात बायंडिंग वायरचा तुकडा खुपसायचा, आणि सुकले की पाण्यात टाकायचे. मला कंटाळा आला होता आणि थोडा अपमानही वाटत होता. मी विचारलं, “मामू, या एवढ्याशा ठोकळ्यांनी काय होणार आहे?”

“सळई प्लायला टेकली तर काय होतं ते बघायचंय तुला?” ते म्हणाले आणि शेजारच्या जुन्या चाळीच्या गॅलरीखाली मला घेऊन गेले. वर बघितलं तर स्लॅबच्या पोटाला तपकिरी रेघा उमटलेल्या, सरळ, समान अंतरावर, जणू वहीच्या ओळी. मधेमधे काँक्रीटचे पापुद्रे पडून सळई उघडी झालेली. “हे बांधलं तेव्हा कुणीतरी तुझ्यासारखंच म्हणालं असणार.”

स्लॅब भरायच्या दिवशी त्यांचा आवाज बसायचा. घमेली घेऊन माणसं बांधलेल्या जाळीवरूनच चालणार, त्याला इलाज नसतो. मग वरची जाळी पायाखाली दबते आणि तिच्या खालच्या खुर्च्या वाकतात. मामू ओरडायचे, “फळीवरनं चाला, लोखंडावरनं नको!” काँक्रीट एकदा पडलं की आतली सळई कुठे आहे हे कुणालाच दिसत नाही. ना साहेबाला, ना ठेकेदाराला, ना त्या स्लॅबखाली झोपणाऱ्याला.

पुलाचा वरचा स्लॅब, ज्याला साइटवर डेक म्हणतात, तोही असाच असतो. जेमतेम एक वीत जाड, आत सळयांच्या दोन जाळ्या, एक वर आणि एक खाली. नवं काँक्रीट खूप अल्कधर्मी असतं. त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो थर टिकून असेपर्यंत लोखंड गंजत नाही. थर तुटतो तो मुख्यतः मिठामुळे. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर काँक्रीटमध्ये झिरपतं. आपल्या कोकणात आणि गोव्यात ते टाकावं लागत नाही, खाडीवरचा वारा ते फुकट आणून देतो. मीठ सळईपर्यंत पोचलं की गंज सुरू, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा लागते. ती जागा मिळवण्यासाठी तो काँक्रीट आतून फोडतो. सळयांच्या पातळीवर आडवी भेग पडते, वरचा थर खालच्यापासून सुटतो, आणि वरून डांबर असल्यामुळे बरीच वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. कधीतरी खड्डा पडतो. पालिका खड्डा बुजवते.

म्हणून सळईवरचं काँक्रीट, म्हणजे ‘कव्हर’, किती जाड आहे याला एवढं महत्त्व. खाऱ्या हवेतल्या पुलांसाठी आपल्याकडचे नियम ५० मिलिमीटर सांगतात आणि सर्वात वाईट परिस्थितीसाठी ७५. मीठ आत झिरपायला लागणारा वेळ ढोबळमानाने अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे कव्हर निम्मं झालं तर संरक्षणाची वर्षं निम्मी होत नाहीत, पाव होतात. मामूंना हे सूत्र माहीत नव्हतं. त्याचा निष्कर्ष त्यांना पाठ होता.

आता तपासणीकडे येऊ. १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेल्या पादचारी पुलाचा स्लॅब खाली रस्त्यावर कोसळला. माणसं मेली, कितीतरी जखमी झाली. तो पूल न तपासलेला नव्हता. त्याचं ऑडिट झालं होतं आणि किरकोळ दुरुस्ती लागणाऱ्या पुलांमध्ये त्याची नोंद होती. तेरा वर्षं मागे जाऊ, कॅनडात. क्वेबेक प्रांतातल्या लाव्हाल शहरात ३० सप्टेंबर २००६ला महामार्गावरचा काँक्रीटचा उड्डाणपूल पडला आणि पाच जण गेले. १९७०च्या या पुलाच्या जाड स्लॅबच्या आत भेग वर्षानुवर्षं वाढत होती. बांधतानाच काही सळया चुकीच्या जागी पडल्या होत्या, काँक्रीट हलक्या प्रतीचं होतं. पडायच्या थोडं आधी काँक्रीटचे तुकडे खाली पडल्याची तक्रार आली होती, खात्याचा माणूस जाऊन बघूनही आला होता. पूल तातडीने बंद करावा असं त्याला काही दिसलं नाही. त्याला मी दोष देणार नाही. डोळ्यांनी जे दिसतं तेच त्याने पाहिलं.

डोळ्यांच्या पुढची पायरी कानांची. मडकं विकत घेताना आपल्या घरातली बाई ते बोटाने ठोकून घेते. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर तडा गेलेलं. जगभरातले पूल आजही याच विद्येवर तपासले जातात. हातोड्याने ठोकायचं, किंवा मोठ्या स्लॅबवरून लोखंडी साखळ्या ओढत न्यायच्या आणि जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करायची. स्वस्त पद्धत आहे, अनुभवी माणसाच्या हातात बरीच विश्वासार्हही. पण शेजारून ट्रक जात असताना ऐकू येत नाही, आणि स्लॅबवर डांबराचा थर असेल तर आवाजच बदलतो. आपल्याकडच्या बहुतेक रस्तापुलांवर डांबर असतं.

रडार इथे कामाला येतं. गवत कापायच्या यंत्राएवढी चारचाकी ढकलगाडी, खाली अँटेना. रस्ता खोदण्याआधी जमिनीतल्या केबल आणि पाइप शोधायला अशाच गाड्या वापरतात, तुम्ही शहरात कधी पाहिलीही असेल. पुलासाठीची अँटेना जास्त वारंवारतेची असते, साधारण दीड ते अडीच गिगाहर्ट्झ, कारण आपल्याला खोल जायचं नसतं, बारीक बघायचं असतं. ती खाली सूक्ष्म लहरी सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी नोंदवते. हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, काँक्रीटमध्ये साधारण १०. वरची सळई पाच सेंटिमीटरवर असेल तर लहर जाऊन परत यायला एक नॅनोसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश. तेवढा वेळ मोजायचा आणि त्यावरून खोली काढायची.

लहर परत येते ती जिथे पदार्थ बदलतो तिथून. डांबर संपून काँक्रीट सुरू झालं की थोडी परतते. धातूवरून जवळजवळ सगळी परतते. गंमत अशी की पडद्यावर सळई ठिपक्यासारखी दिसत नाही, कमानीसारखी दिसते. गाडी सळईच्या अलीकडे असतानाच तिचा प्रतिध्वनी ऐकू यायला लागतो, पण अंतर जास्त म्हणून उशिरा. डोक्यावर आली की सर्वात लवकर. पुढे गेली की पुन्हा उशिरा. निरोगी स्लॅबचं चित्र बघितलं तर एकसारख्या उजळ कमानींची रांग दिसते, सगळ्यांची टोकं एका रेषेत. पहिल्यांदा अशा रांगेत मधेच पाच-सहा कमानी खाली झुकलेल्या बघितल्या तेव्हा मला हसू आलं. हजारो मैलांवरच्या त्या पुलावर, काँक्रीट ओतायच्या दिवशी, कुणीतरी लोखंडावरून चालला होता.

खोली हा झाला एक भाग. दुसरा भाग उजेडाचा. काँक्रीटमध्ये ओल आणि मीठ असेल तर लहरीची ताकद वाटेतच उष्णता होऊन जिरते आणि सळईवरून परतणारा प्रतिध्वनी मंद पडतो. म्हणून मंद कमान म्हणजे तिथे गंजाला पोषक वातावरण. नीट लक्षात घ्या, रडारला गंज दिसत नाही. बारीक कोरडी भेगही बहुधा दिसत नाही, लहरीच्या मानाने ती फार पातळ असते. दिसते ती ओल आणि तिच्यातलं मीठ. १०० मीटर लांब, १० मीटर रुंद पुलावर दोन-दोन फुटांवर गाडीच्या फेऱ्या मारल्या तर सळयांचे दहा हजारांच्या आसपास बिंदू मिळतात. त्यातला प्रत्येक बिंदू शोधायचा, त्याची खोली आणि तेज काढायचं आणि नकाशा रंगवायचा, हे आमचं सॉफ्टवेअर करतं. हिरवं बरं, पिवळं संशयास्पद, लाल वाईट.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

खोल सळईचा प्रतिध्वनी तसाही मंद असतो, काँक्रीट कितीही चांगलं असलं तरी. म्हणून तेजाची तुलना करण्याआधी खोलीचा हिशेब वजा करावा लागतो. त्याची एक प्रचलित रीत आहे. प्रत्येक खोलीवरच्या सर्वात तेजस्वी दहा टक्के सळया निरोगी धरायच्या आणि बाकीच्या सळया त्यांच्या मानाने किती डेसिबल मंद आहेत ते बघायचं. मी ते कोडमध्ये बसवलं. तपासलेल्या पुलांवर छान चाललं. सगळे खूश. मग एका जुन्या पुलाचा डेटा आला, नकाशा बऱ्यापैकी हिरवा निघाला, आणि चार दिवसांनी तिथल्या फील्ड इंजिनिअरबाईंचा कॉल आला. वयाने माझ्या अम्मीएवढ्या, आयुष्य पुलांवर गेलेलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या नकाशात जिथे हिरवं आहे तिथे माझी साखळी पोकळ वाजतेय. आपल्या दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय, आणि साखळीला खोटं बोलता येत नाही.”

मी आधी बचाव केला. अँटेना ओली असेल, डांबराची जाडी बदलली असेल वगैरे. त्यांनी वाद घातला नाही. तीन ठिकाणी गोल कापून काँक्रीटचे नळकांडे बाहेर काढले आणि फोटो पाठवले. दोन्ही हिरव्या जागांच्या नळकांड्यांत सळईभोवती तपकिरी डाग, एकात थर सरळ सुटलेला.

चूक काय होती? पूल जवळजवळ सगळाच खराब होता. जिथे सगळा वर्ग नापास आहे, तिथे पहिला आलेल्याचे ३० मार्क मी ‘उत्तम’ धरले होते आणि २८वाल्याला शाबासकी देत होतो. ३५ला पास असतं हे माझ्या कोडला कुणी सांगितलंच नव्हतं. ती रीत एकाच पुलाच्या दोन जागांची तुलना करते. पूल बरा आहे की नाही हे ती सांगत नाही, सांगू शकतही नाही. हे मला वाचून माहीत होतं. तरी नकाशावर हिरवा रंग आल्यावर मीच त्याला ‘सुरक्षित’ म्हणून वाचलं. सुदैवाने बाईंनी साखळी ओढली होती, दुरुस्तीचा बेत बदलला, एक लेन बंद झाली. कुणाला काही झालं नाही. पण त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही, आणि तेव्हापासून आमच्या नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ सक्तीची आहे: हे रंग कशाशी ताडून ठरवले आणि किती ठिकाणी काँक्रीट कापून पाहिलं. शून्य ठिकाणी असेल तर शून्य असं छापून येतं. काही ग्राहकांना ती ओळ आवडत नाही.

चांगले तपासनीस म्हणून एकाच यंत्रावर विसंबत नाहीत. रडारने शंकेच्या जागा काढायच्या, तिथे ठोकून ऐकायचं, सळईचा विद्युतदाब मोजायचा (ठरलेल्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या मानाने तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर धरतात), आणि शेवटी थोड्या ठिकाणी कापून खात्री करायची. अमेरिकेच्या महामार्ग खात्याने रटगर्स विद्यापीठाबरोबर एक रोबोटच बनवला, ‘रॅबिट’ नावाचा, जो यातल्या बऱ्याच तपासण्या एका फेरीत करतो. आपल्याला रोबोटची वाट बघायची गरज नाही. हातोडा, साखळी आणि ढकलगाडी पुरे. कमी पडतं ते लिहून ठेवणं आणि उघड करणं.

रडारच्या प्रेमात पडून सगळंच त्याच्यावर टाकू नका, हेही सांगतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस त्याच्याबरोबर गेल्या. त्या पुलावर काँक्रीटचा स्लॅब तपासणारं रडार फिरवून काही उपयोग नव्हता. अशा पुरात प्रश्न पाण्याच्या जोराचा आणि पायाखालच्या जमिनीचा असतो, तो पाण्यात उतरून बघावा लागतो. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७०मध्ये सुरू झाला आणि जुलै १९८६मध्ये कोसळला, वीस वर्षंही झाली नव्हती. तिथे घात केला तो काँक्रीटला ताण देणाऱ्या पोलादी तारांच्या गंजाने. अशा तारा धातूच्या नळीत असतील तर रडारला नळी दिसते, आतली तार दिसत नाही, कारण लहर नळीवरूनच परत फिरते. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की आम्ही रडारने तपासलंय, आता काळजी नको, तर विचारा: पुलाचा कुठला भाग?

माझ्या मते आपल्याकडे रडारचा सर्वात मोठा उपयोग जुन्या पुलांपेक्षा नव्या पुलांवर आहे. हे कुणी फारसं बोलत नाही. पूल बांधून झाला, डांबर पडायच्या आधी एक दिवस गाडी फिरवा. प्रत्येक सळईवर किती कव्हर आहे त्याचा नकाशा काढा. ५० मागितलं होतं तिथे ३० मिळालं का ते त्या दिवशी कळेल, आणि त्या दिवशी ठेकेदाराचं बिल अजून निघालेलं नसतं. शिवाय तो नकाशा म्हणजे पुलाचा जन्मदाखला. पाच वर्षांनी, त्याच मोसमात, काँक्रीट तितकंच कोरडं असताना पुन्हा गाडी फिरवली तर कुठल्या कमानी मंदावल्या ते थेट दिसेल. मला जी चूक नडली ती तिथे नडत नाही, कारण पुलाची तुलना त्याच्याच तरुणपणाशी होते. मोसमाचं म्हणतोय कारण पावसात भिजलेल्या स्लॅबचा आणि मे महिन्यातल्या कोरड्या स्लॅबचा डेटा शेजारी ठेवून काही कळत नाही. एका अहवालात मी तसं केलेलं पाहिलं आहे. निष्कर्ष असा होता की पूल दोन वर्षांत सुधारला.

आता तुमच्या-माझ्या हातात काय आहे. माहिती अधिकार कायदा २००५ आपण बहुतेक वेळा रेशन, शिष्यवृत्ती, रस्त्याचा निधी यासाठी वापरतो. त्याच्या कलम २मध्ये माहिती अधिकाराची व्याख्या वाचा. नुसत्या कागदाची प्रत मागण्याचा तो अधिकार नाही. कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहिती मिळवण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये लागतात, एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. तेवढ्यात बसतं. पुलाचं नाव आणि जागा लिहा. ‘पूल सुरक्षित आहे का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘होय’ येईल. कुठल्या तारखेला, कुठल्या भागाची, कुठल्या पद्धतीने तपासणी झाली. काँक्रीट किती ठिकाणी कापून पाहिलं. सळईवरचं कव्हर मोजलं का आणि किती भरलं. मोजमापांची मूळ नोंद, निष्कर्ष नव्हे, मूळ नोंद, प्रत द्यावी. असं विचारा. सेंटरिंग, फिटिंग, वेल्डिंग करणारी माणसं आपल्या कितीतरी घरांत आहेत. उत्तर आलं की ते त्यांच्यापुढे वाचा. कुठला शब्द पोकळ आहे हे त्यांना ठोकून न बघताही कळतं.

मी हा प्रयोग गेल्या हिवाळ्यात केला. आमच्या तालुक्यात खाडीवर एक पूल आहे, नानीच्या गावाला जायचा तोच रस्ता. लहानपणी एसटी त्यावर आली की आम्ही खिडकीतून नाणं टाकायचो. अर्जाला उत्तर आलं, मुदतीत आलं, हे नमूद करायला हवं. दोन पानं. पहिल्यावर पुलाची लांबी, रुंदी, बांधकामाचं वर्ष. दुसऱ्यावर एक तक्ता: कठडे – ठीक, जोड – ठीक, स्लॅब – स्थिती समाधानकारक, पद्धत – दृश्य तपासणी. खाली एक फोटो. हेल्मेटं घातलेली माणसं, पाण्याकडे बघणारी. कव्हरबद्दलच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.’

तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, ते केलं. माझं म्हणणं एवढंच आहे की जी माहिती अभिलेखात नाही ती तयार करायला एक दिवस आणि एक ढकलगाडी लागते; नाही तर निदान मला पाहणीची परवानगी द्या, स्लॅबच्या पोटाशी होडीतून जाऊन रेघा दिसतात का बघतो. सुनावणी पुढच्या बुधवारी आहे. मामूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मी येतो सोबत. तू बोल तुझ्या रडारचं. साहेबांच्या टेबलावर मी एक ठोकळा ठेवतो.”